नवं टर्बो इंजिन, पहिले हजार किलोमीटर: पुणे–कोल्हापूर–मालवण–रत्नागिरी–कराड–पुणे

नवी गाडी घरी आली की पहिले हजार किलोमीटर इंजिन कसं चालवायचं याचे सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, हजार किलोमीटर साठच्या वर नेऊच नका. दुसरा म्हणतो, पहिल्या दिवसापासून ठोकून चालवा, तरच इंजिन मोकळं होतं. पहिला सल्ला पद्मिनी-अँबॅसिडरच्या काळातला आहे. तेव्हा सुटे भाग आजच्याइतके अचूक घासलेले नसत, म्हणून वेगावर मर्यादा असे. दुसऱ्या सल्ल्याने धोका पत्करावा लागतो आणि पदरात काही पडत नाही. टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा) असलेल्या पेट्रोल इंजिनाला यापेक्षा वेगळं काही हवं असतं: भार (इंजिनावर पडणारा जोर) आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) सतत बदलते हवेत, आणि कमी आरपीएमवर जास्त भार कधीच नको. हे शहरात जमत नाही आणि सरळसोट द्रुतगती मार्गावरही जमत नाही. घाटाखाली उतरून परत वर येणाऱ्या रस्त्यावर ते आपसूक जमतं, म्हणून हा मार्ग.

गाडी स्कोडा कुशाक, चाकणला तयार होणारी, १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. तीन सिलिंडर, ९९९ सीसी, ११५ पीएस, आणि १७८ न्यूटन मीटर टॉर्क १,७५० आरपीएमपासूनच. पण पुढचं जवळजवळ सगळं कोणत्याही छोट्या टर्बो पेट्रोल गाडीला लागू पडतं. गाडीच्या माहितीपुस्तिकेतला (मॅन्युअल) नियम असा: पहिले १,००० किलोमीटर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही, कमाल आरपीएमच्या दोन तृतीयांशाच्या वर जायचं नाही, मागे काही ओढायचं नाही. १,००० ते १,५०० दरम्यान हळूहळू मोकळीक. या इंजिनाला दोन तृतीयांश म्हणजे साधारण ४,००० आरपीएम. दोन माणसं आणि दोन बॅगा, एवढंच ओझं. पाच जणांना बसवून टपावर कॅरिअर लावायची ही वेळ नव्हे.

निघण्याआधी

टायरची हवा आधी बघायची. कारखान्यातून आणि यार्डातून आलेल्या गाड्यांत ती बऱ्याचदा मुद्दाम जास्त भरलेली असते, कारण गाडी आठवडे-आठवडे एका जागी उभी असते. चाळीस पीएसआयच्या वर आकडा दिसला तर आश्चर्य नको. टायर थंड असताना गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा कमी करायची. मग कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीतली पातळी, इंजिन थंड असताना, दोन खुणांच्या मध्ये. आणि तेल. पातळी कुठे होती हे तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवायचं. पुढच्या पाच दिवसांत तुलना करायला हीच नोंद लागते.

पहिला दिवस: पुणे ते कोल्हापूर, सुमारे २४० किमी

ओडोमीटर ८० च्या आसपास. पहाटे सहाला स्टार्टर. गाडी उभी ठेवून पाच मिनिटं तापवत बसायची गरज नाही. ते उलट वाईट, कारण थंड इंजिनात पेट्रोल जास्त फवारलं जातं आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं. वीस-तीस सेकंद पुरेत. तेवढ्यात तेलाचा दाब टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोचतो. मग निघायचं, पण २,५०० आरपीएमच्या आत आणि ॲक्सिलरेटर पाव-एक दाबून.

इथे एक फरक लक्षात घ्यावा. कूलंट पाच-सात किलोमीटरांत तापतं, तेलाला त्याच्या दुप्पट तरी अंतर लागतं. तापमानाचा निळा दिवा गेला म्हणजे तेल तयार झालं असं नाही. छोट्या टर्बोचा दांडा पूर्ण दाबाच्या वेळी मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो फक्त तेलाच्या पातळ थराचा. घट्ट, थंड तेलावर त्याला पळवायचं नाही. कात्रजचा नवा बोगदा मागे पडून खेड शिवापूरचा टोल येईपर्यंत सौम्य, त्यानंतर खरं काम सुरू.

या महामार्गावर क्रूझ कंट्रोलचा मोह होतो. तो बंद ठेवला. तासभर एकाच आरपीएमवर चालणारं इंजिन सिलिंडरच्या एकाच भागात, एकाच दाबाने घासतं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या (कारखान्यात भिंत घासून घेताना पाडलेल्या) बारीक तिरक्या रेघा असतात. त्या तेल धरून ठेवतात आणि त्यांच्याच टोकांवर पिस्टनच्या रिंगा घासून आपली जागा करतात. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः जळत्या वायूच्या दाबाने. भारच दिला नाही तर रिंग अर्धवट बसते, तेल वर येऊन भिंतीवर जळतं, रेघा बुजून काचेसारखा गुळगुळीत थर तयार होतो. मग ती गाडी आयुष्यभर तेल पिते. फार भार दिला तर नव्या, खडबडीत टोकांवर उष्णता साचते आणि ओरखडे येतात. म्हणून मधला भार, आणि तोही सतत बदलता.

प्रत्यक्षात असं: पाचव्या गिअरमध्ये ८०, मग अर्ध्या ॲक्सिलरेटरने १०० पर्यंत, मग पाय काढून त्याच गिअरमध्ये पुन्हा ८०. काही किलोमीटर सहाव्यात शांत, काही चौथ्यात ३,००० च्या आसपास. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे टोल आणि सातारा-कागल पट्ट्यातली रुंदीकरणाची कामं एरवी कंटाळा आणतात, पण या कामाला सोयीची ठरतात. वेग आपोआप वरखाली होत राहतो.

खंबाटकी घाट हा पहिला चढ. समोर ट्रक, मागे बस, वेग ४० वर. चुका नेमक्या इथे होतात. गाडी चौथ्यात असते, आरपीएम १,३०० वर येतो, आणि ड्रायव्हर गिअर न बदलता ॲक्सिलरेटर दाबतो. टर्बो इमानाने हवा भरतो, गाडी ओढलीही जाते, म्हणून चूक जाणवत नाही. पण थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त भार म्हणजे अकाली ज्वलनाला आमंत्रण. रिंगांच्या फटीतला तेल-पेट्रोलचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेटतो, पिस्टन अजून वर येत असतानाच दाब प्रचंड वाढतो. पिस्टनवरची दोन रिंगांमधली कड तुटू शकते. नव्या इंजिनात रिंगा पुरत्या बसलेल्या नसतात, तेल जास्त वर येतं, तेव्हा काळजी दुप्पट. उपाय साधा: घाटात दुसरा किंवा तिसरा, आरपीएम २,२०० ते ३,०००, पाय हलका. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरायचं नाही. ३,००० ला हलका पाय इंजिनाला सोपा, १,३०० ला जड पाय अवघड.

पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरांत बॉनेटजवळ किंवा एक्झॉस्टकडून जळकट वास येतो. एक्झॉस्टवरचा संरक्षक थर आणि टर्बोच्या आसपासचं वंगण जळत असतं, ते होऊ द्यावं. गोडसर वास आला तर मात्र थांबायचं. ते कूलंट असतं.

कोल्हापुरात शिरताना शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू. शहरातली रहदारी ते आपोआप करवून घेते. गाडी बंद केल्यावर पंखा किंवा बारीक पंप चालू राहिल्याचा आवाज येतो. या इंजिनात टर्बो आणि इंटरकूलरचं (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाचं) पाणी फिरवायला वेगळा इलेक्ट्रिक पंप आहे. तो काम संपलं की आपोआप थांबतो.

दुसरा दिवस: कोल्हापूर–निपाणी–आजरा–आंबोली–सावंतवाडी–मालवण, सुमारे १८५ किमी

निपाणीला महामार्ग सोडून उत्तूर-आजऱ्याकडे वळलं की रस्ता एकदम शांत होतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच भाताची खाचरं. आंबोलीचा उतार पुढे आहे, त्याआधी ब्रेक बसवून घ्यायचे म्हणून हाच पट्टा निवडला.

नव्या ब्रेक पॅडमधलं बांधणीचं राळेसारखं द्रव्य पहिल्यांदा तापतं तेव्हा त्यातून वायू सुटतात आणि पॅड-डिस्कमध्ये थर तयार होतो. पायाखाली पॅडल नेहमीसारखं, पण गाडी थांबत नाही, अशी स्थिती होऊ शकते. ती घाटात होऊ नये. आरसा बघून, मागे कुणी नाही याची खात्री करून, ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने ब्रेक. मग किलोमीटरभर ब्रेकला हात न लावता चालवायचं, म्हणजे डिस्क थंड होते. असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही: तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर तिथे पॅडचा डाग उमटतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. चौथ्या-पाचव्या वेळी वास येतो, शेवटच्या दोन वेळी पॅडलची पकड स्पष्ट घट्ट लागते. फरक पायाला कळतो.

टायरचंही तसंच. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला थर पहिल्या काहीशे किलोमीटरांत घासून जातो, तोवर पकड थोडी कमी. आंबोलीत पाऊस सरल्यावरही सकाळी धुकं आणि ओला रस्ता असतो, तेव्हा वळणं नेहमीपेक्षा हळू.

आंबोली ते दाणोली हा उतार या फेरीतला सगळ्यात मोलाचा तुकडा. दुसरा-तिसरा गिअर, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढलेला, आरपीएम २,५०० ते ३,५००. या वेळी इंजेक्टर पेट्रोल देत नाहीत, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) बंद, सिलिंडरमध्ये निर्वात. त्या ओढीने तेल रिंगांभोवती चढतं, त्यांना थंड करतं आणि घासणीतले सूक्ष्म कण खाली तेलात नेतं, जिथून फिल्टर ते उचलतो. चढावर वायूचा दाब रिंग दाबतो, उतारावर तेल तिला धुतं. दोन्ही आलटून पालटून हवं. न्यूट्रलवर उतरणाऱ्यांना यातलं काहीच मिळत नाही, शिवाय ब्रेक तापतात ते वेगळंच. लांब उतारानंतर पुन्हा पाय दाबताना एखादा निळसर झोत दिसला आणि लगेच विरला तर नव्या इंजिनात ते चालतं. दर वेळी दिसत राहिला तर नोंद करायची.

सावंतवाडीला मोती तलावाकाठी जेवण, पुढे कुडाळवरून मालवण.

तिसरा दिवस: मालवण–कसाल–राजापूर–रत्नागिरी, सुमारे १६५ किमी

सकाळी ब्रेकमधून खरखर. डिस्कवर तांबूस पट्टा, बोट फिरवलं तर रंग बोटाला लागतो. समुद्राकाठची दमट हवा आणि डिस्कचं उघडं बीड (ओतीव लोखंड), रात्रीत एवढा गंज चढतोच. पहिल्या पाच-सहा ब्रेकांत तो पुसला गेला. नवी गाडी गंजली म्हणून फोन करायची गरज नाही.

पहिल्या पाचशे किलोमीटरांची तेलतपासणी इथेच, कसालला महामार्गाला लागल्यावर पेट्रोल पंपाच्या सपाट फरशीवर. इंजिन तापलेलं, बंद करून पाच मिनिटं थांबून. डिपस्टिक बाहेर, पुसून, पूर्ण आत, पुन्हा बाहेर, आणि मग वाचायची. पहिल्या ओढीचा आकडा खोटा असतो कारण नळीला लागलेलं तेल काठीला पुसलं जातं. तेल अजून मधासारखं पारदर्शक, पातळी सुरुवातीच्या नोंदीपेक्षा तीन-चार मिलिमीटर खाली. हे ठीक. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत खप कंपनी मान्य करते आणि सुरुवातीच्या काही हजारांत तो जास्तच असतो. पातळी खुणांच्या मध्ये आहे तोवर ओतायचं काहीच नाही. खालच्या खुणेला टेकली तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मानकाचंच तेल, पाव लिटर घालून पुन्हा बघायचं. जास्त भरणं हे कमी असण्याइतकंच वाईट: क्रँकशाफ्ट तेलाला घुसळून फेस करतो आणि ते इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदर) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, तिथून जळत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या भागापर्यंत) जातं.

उलटंही घडतं: पातळी वाढलेली दिसते आणि काठीला पेट्रोलचा वास येतो. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत पेट्रोल तेलात उतरतं. नवी गाडी सोसायटीतून दुकानापर्यंतच फिरवत ठेवणं म्हणजे तिला सांभाळणं, असं अनेकांना वाटतं. इंजिनासाठी ती सर्वात वाईट सुरुवात. लांब पल्ल्यात तेल नीट तापलं की हे पेट्रोल उडून जातं.

कणकवली, तळेरे, खारेपाटण, राजापूर. सिंधुदुर्गातला सिमेंटचा चौपदरी रस्ता सपाट दिसतो, पण गाडीला तो सतत चढ-उताराचा लागतो. आज मर्यादा थोडी वर: चौथ्यात २,५०० वरून ३,५०० पर्यंत अर्ध्याहून थोडा जास्त पाय, मग उतारावर पाय काढून त्याच गिअरमध्ये. ३,००० च्या वर गाडीचा सूर कालच्यापेक्षा मोकळा लागतो. खाली, ८००-९०० ला उभी असताना जी थरथर जाणवते ती मात्र जाणार नाही. तीन सिलिंडर, बॅलन्स शाफ्ट (थरथर शमवणारा दांडा) नाही, ती या रचनेचीच आहे.

लांज्यापुढे कामं चालू असलेले पट्टे आणि वळवलेले रस्ते. हळू रांगेत ॲक्सिलरेटरपेक्षा क्लचला जास्त जपावं लागतं. नवा क्लच अर्धवट दाबून गाडी रेंगाळत ठेवली की तोही तापतो. पुढे जागा होऊ द्यायची, मग पहिला गिअर आणि क्लच पूर्ण सोडून जायचं. चढावर थांबलं तर हँडब्रेक.

चौथा दिवस: रत्नागिरी–चिपळूण–कुंभार्ली घाट–कराड, सुमारे १९० किमी

हातखंब्याहून आंबा घाटाने कोल्हापूर गाठता येतं. पण चिपळूणहून पोफळीमार्गे कुंभार्ली निवडला, कारण तोवर ओडोमीटर साडेसातशेच्या पुढे जातो आणि तापलेल्या, बऱ्याच अंशी बसलेल्या इंजिनाला सलग चढ मिळतो. हाच चढ पहिल्या दिवशी घेतला असता तर चुकीचा ठरला असता. फेरीची दिशा म्हणूनच अशी ठेवली: उतार आधी, मोठा चढ नंतर.

रस्ता अरुंद, वळणं आंधळी, उसाचे आणि कंटेनरचे ट्रक. दुसरा आणि तिसरा, २,५०० ते ३,८००, पाय पाऊण. ४,००० च्या जवळ पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नाही, मग पुन्हा सैल. ओव्हरटेकसाठी जागा दिसली तर आधी गिअर खाली, मग ॲक्सिलरेटर. उलट क्रम नको. जीव वाचवायला पूर्ण ॲक्सिलरेटर लागला तर तो दाबायचाच. एका पूर्ण दाबाने इंजिनाचं काही बिघडत नाही. रोजची सवय बिघडवते.

माथ्यावर पोचल्यावर बहुतेक गाड्या फोटोसाठी थांबतात आणि लगेच चावी बंद करतात. पेट्रोल टर्बोच्या टर्बाइनमध्ये शिरणारे वायू जोराच्या चढावर ९०० अंशांच्या आसपास असतात. इंजिन बंद झालं की तेलाचा प्रवाह थांबतो, उष्णता मात्र टर्बाइनकडून दांड्याच्या बेअरिंगकडे सरकत राहते. तिथे अडकलेलं तेल भाजून कोळसा होतं. पाण्याचा पंप नंतर चालतो, त्याने हा धोका बराच कमी होतो, पण तेलाचं काम पाणी करत नाही. शांतपणे कोयनानगरपर्यंत चालवून तिथे थांबलं तर टर्बो वाटेतच निवतो. माथ्यावर थांबायचंच असेल तर एक मिनिट आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ठेवावं. गाडीत ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर घाटापुरतं ते बटणाने बंद करावं, नाहीतर नेमक्या याच क्षणी ते इंजिन बंद करतं.

कोयनानगरहून पाटणपर्यंत नदीकाठचा हलका उतार, पुढे कराड सपाट. इंजिनाला निवायला याहून चांगला रस्ता नाही. कराडला पुन्हा तेल: कसालच्या खुणेवरच. खप थांबत आल्याचं, म्हणजे रिंगा बसत आल्याचं हे पहिलं चिन्ह.

पाचवा दिवस: कराड ते पुणे, सुमारे १६५ किमी

सातारा, मग पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा. त्याआधीच्या चढावर पहिल्या दिवशीची तुलना करता येते: तोच भार, तिसरा गिअर, पण पाय कमी दाबावा लागतो. यात मायलेजचे आकडे मोजत बसू नये. नव्या इंजिनाचं मायलेज पुढचे काही हजार किलोमीटर सावकाश सुधारत राहतं, पहिल्या टाकीचा आकडा कशाचंच माप नाही. महाग प्रीमियम पेट्रोलचाही रिंगा बसण्याशी संबंध नाही.

खेड शिवापूरच्या आसपास हजार पूर्ण झाले. इथून १,५०० पर्यंत प्रत्येक शंभर किलोमीटरला दोन-तीनशे आरपीएमने मर्यादा वाढवायची, आणि पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचाच तर तेल तापल्यावर, २,५०० च्या वर, दोन-तीन सेकंद.

पहिल्या तपासणीला गाडी लिफ्टवर घेतली जाते तेव्हा शेजारी उभं राहावं. टर्बोच्या रबरी नळ्यांच्या क्लॅम्पपाशी आणि तेलाच्या ड्रेन बोल्टपाशी ओल आहे का, खालच्या प्लास्टिक कव्हरच्या सगळ्या क्लिपा जागेवर आहेत का, कूलंटची पातळी थंड इंजिनावर उतरली का, ते पाहायचं. भरताना राहिलेली हवा बाहेर पडल्यामुळे कूलंट थोडं उतरतं. एकदा भरल्यावर पुन्हा उतरलं तर गळती शोधायला सांगायची. या गाडीचं तेल बदलायचं वेळापत्रक १५,००० किलोमीटर किंवा वर्षाचं आहे. हजारला तेल बदलायचा आग्रह कंपनी धरत नाही, आणि फिल्टर असताना त्याची निकडही नाही. पण घाट, धूळ आणि शहरातली रांग असा वापर असेल तर पहिला बदल पाच ते साडेसात हजारांत केलेला बरा, मानक तेच ठेवून आणि फिल्टरसह. बिल जपून ठेवायचं, वॉरंटीला तेच लागतं.